नियमातील ‘पासून’ आणि ‘पर्यंत’

मालसाठ्याची किमान व कमाल पातळी आपण परिव्यय लेखाशास्त्रात शिकतो. साठा या दोहोंच्या मध्ये असला की भांडारपाल निश्चिंत. संगणकाला अर्थासह दिलेल्या माहितीवर, म्हणजे ‘ही टाकी आहे’, ‘हा तिचा दाब आहे’ अशा विधानांवर, अनुमानाचे नियम लिहितात तेही याच घाटाचे असतात. समजा, क्ष ही टाकी आहे, तिचा दाब द आहे, आणि द हा २ पासून २५ पर्यंत आहे. तर क्ष ‘सामान्य’ होय. २००४ साली मांडलेल्या ‘स्वर्ल’ या नियमभाषेत अशा तुलनेची सोय आहे. शेजारच्या ‘धोक्याची’ या वर्गाची सुरुवात मात्र ‘२५ हून अधिक’ अशी करावी, नाहीतर नेमका २५ दाब दोन्हीकडे तरी मोडेल किंवा कुठेच नाही.

२ आणि २५ हे आकडे मी भोपाळहून घेतले आहेत. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री १० वाजून २० मिनिटांनी टाकीचा दाब चौरस इंचाला २ पौंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. ११ वाजता नव्या पाळीला दाब १० दिसला. दहा हा दोन आणि पंचवीसच्या मध्येच! मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या सुमारास काटा ३० वर गेला आणि थोड्याच वेळात ५५ वर, म्हणजे तबकडीच्या शेवटाला. पुढे हजारो माणसे मेली.

अकरा वाजताचे अनुमान नियमाला धरूनच होते. दाब चाळीस मिनिटांत पाचपट झाला, हे विचारण्याची जागाच त्या नियमात नव्हती. म्हणून दुसरा नियम हवा: एकाच टाकीच्या दोन नोंदी, दोन वेळा, आणि दाबातील फरक ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक.

येथे माहितीची मांडणीच बदलावी लागते. २ आणि १० हे दोन्ही आकडे थेट टाकीला चिकटवले, तर आधीचा कोणता हे यंत्राला कळत नाही. दुसरे असे की या पद्धतीत एकदा निघालेले अनुमान नव्या माहितीने मागे घेतले जात नाही. रोजकीर्दीप्रमाणेच, जुनी नोंद खोडत नाहीत. दहा वाजून वीस मिनिटांनी ‘सामान्य’ ठरलेली टाकी सव्वाबारालाही ‘सामान्य’ राहते आणि वर ‘धोक्याची’ही होते. म्हणून प्रत्येक नोंद ही स्वतंत्र वस्तू मानावी, तिला तिची वेळ द्यावी, आणि ‘सामान्य’ हा शिक्का टाकीवर न मारता नोंदीवर मारावा.

तबकडी ५५ वर संपते, तेव्हा तेथील ५५ चा अर्थ ‘५५ किंवा कितीही’. तिच्यासाठी ‘मापाबाहेर’ असा वेगळा वर्ग ठेवावा. तो नसेल आणि लागोपाठ ५५ व ५५ अशा दोन नोंदी आल्या, तर आपला दुसरा नियम वजाबाकी करून फरक शून्य काढील.