बॅटरी नवी, तरी लाल दिवा का?

प्रश्न : माझी डिझेल गाडी रोज रेवदंडा–मुरूड रस्त्यावर धावते. खड्ड्यांत डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. काय करावे?
– एक वाचक, मुरूड

उत्तर : हा दिवा चार्जिंग नीट होत नसल्याचा इशारा आहे, त्यामुळे बॅटरी बदलून तो सहसा जात नाही. आधी मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत.

खड्ड्यांत दिवा लागतो-विझतो, म्हणजे पहिला संशय सैल किंवा गंजलेल्या जोडावर. खाऱ्या हवेत इंजिनची अर्थिंग वायर वरून ठीक दिसते, पण बोल्टखाली हिरवट थर साचलेला असतो. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. ०.२ व्होल्टहून जास्त फरक आला, तर अर्थिंग खराब. इंजिन बंद करून, निगेटिव्ह टोक काढून जोड पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

जोड ठीक असतील, तर अल्टरनेटरचा पट्टा, कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर तपासून घ्या.

चालू इंजिनवर बॅटरीचे टोक कधीही काढू नका. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते. दिव्यासोबत इंजिन तापू लागले, तर पट्टा तुटलेला असू शकतो. गाडी तिथेच थांबवा.