अडचणींतून उद्योग

विद्यार्थिमित्रांनो, अडचण आली म्हणजे आळशी मनुष्य कपाळास हात लावून बसतो. उद्योगी मनुष्य तिचें मूळ शोधतो. श्री. साबीर भाटिया यांचें चरित्र याची साक्ष देतें.

त्यांचा जन्म १९६८ सालीं झाला. बंगलोरच्या सेंट जोसेफ शाळेंत शिकून १९८८ सालीं ते अमेरिकेस गेले. तेथें नोकरींत असतां त्यांस व त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांस कचेरींतील संगणकावर स्वतःचें खासगी टपाल पाहतां येईना. तेव्हां त्यांस सुचलें, कीं पत्रें इंटरनेटवरच ठेवावीं, म्हणजे परवलीचा शब्द देतांच जगांतील कोणत्याही संगणकावर तीं वाचतां येतील. अनेक भांडवलदारांनीं नकार दिला, तरी ते खचले नाहींत.

४ जुलै १९९६ रोजीं 'हॉटमेल' सुरू झाली. सेवा विनामूल्य होती. प्रत्येक पत्राच्या तळाशीं वाचणारासही खातें उघडण्याचें निमंत्रण असे. त्यामुळें डिसेंबर १९९७ पर्यंत सभासद ८५ लक्षांवर गेले, व त्याच महिन्यांत मायक्रोसॉफ्टनें ती विकत घेतली. भाटियांनीं तिशीही ओलांडली नव्हती.

२०१३ सालीं 'हॉटमेल'च्या जागीं 'आउटलुक' आलें. नांव गेलें, कोठूनही पत्र वाचण्याची सोय मात्र राहिली. मुलांनो, नांवापेक्षां लोकांची अडचण दूर करणारें काम अधिक टिकतें, हें ध्यानीं धरा.