सातवीच्या मुलांना कचरा प्रकल्प दाखवावा का?

प्रश्न : सातवीचा वर्ग साळगावच्या कचरा प्रकल्पाला न्यायचा आहे. वासामुळे पालक कुरकुर करताहेत. काय तयारी करावी? – एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : जरूर न्या. गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे शाळेच्या लेटरहेडवर आधीच अर्ज करा. वास येणारच, पालकांना तसं स्पष्ट सांगून टाका. दमा असलेल्या मुलांबाबत मात्र डॉक्टरांना विचारा. पायात बंद बूट हवेत, चपला नकोत.

२०१६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यावर वीज तयार होते. मुलं गॅसच्या टाक्यांकडे बघत राहतील; तुम्ही त्यांना वर्गीकरणाच्या पट्ट्याकडे न्या. आमटीने बरबटलेला कागद तिथे कागद म्हणून वेगळा काढता येत नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकांना चिकटलेला असतो, म्हणून त्याला भंगारवालाही हात लावत नाही. असा निरुपयोगी सुका कचरा गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जळणासाठी जातो.

गाइडचं भाषण आटोपतं ठेवायला सांगा. पट्ट्यावरच्या कामगारांना प्रश्न विचारू द्या, पण फोटो त्यांच्या परवानगीनेच. आणि त्या दिवशी डबे स्टीलचेच आणायला सांगा, वेफर्सची पाकिटं नकोत!