धाव चढवण्याआधी

लेकरा, तेलगावातून कारखान्याकडं उसाच्या टायरगाड्या जाताना तू दर हंगामाला बघतोस. हवेचं टायर आलं आणि बैलांची ओढ हलकी झाली, हे चांगलंच झालं. पण लाकडी चाकाची गाडी दुरुस्तीला आलीच, तर सुताराच्या दारातून ती माघारी जाऊ नये, म्हणून एवढं ध्यानात ठेव.

आधी लाकूड. बाभूळच घे, तीही बांधावरची जुनी, लालकाळ्या गाभ्याची. वरचं पांढरं लाकूड किडा खातो, ते चाकात घालू नकोस. ओंडके दोन-तीन महिने पाण्यात बुडवून ठेव, मग सावलीत वाळव. तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याच्या, ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंप, नाहीतर आपल्या उन्हात तो उभा तडकतो. तडकलेल्या तुंब्याला किती का कडी घाल, आरे हलायचे ते हलतातच.

तुंब्यातून निघणारे आरे 12, त्यांच्या टोकांवर बसणारे घेराचे पाटे 6. एका पाट्याला दोन आरे. आरा लाकडाच्या रेषेवर फाडून काढ, करवतीनं रेष तुटते. पाट्यांचे सांधे गच्च भिडवू नकोस, नखभर फट ठेव. पाट्यांवर चढणारी लोखंडी धाव ती मिटवते.

सगळा जीव धावेत. 5 फुटी चाकाचा घेर पावणेसोळा फूट भरतो. गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेली धाव इंचभर तरी वाढते, म्हणून ती घेरापेक्षा पाऊण इंच लहान ठेवायची. चौघांनी सांडशीनं उचलायची, बसली की लगेच पाणी, तेही चहूकडून सारखं. एकाच अंगाला ओतलं तर चाक वाकडं ओढलं जातं. धूर होईल, लाकूड कडकडेल, पण हात थांबू देऊ नकोस. उशीर झाला की पाट्याची कड कोळसा होते, आणि कोळशावर धाव ठरत नाही.

टांग्याचं चाक निराळं. घोडा पळतो, म्हणून ते हलकं, आरे बारीक, वर रबराची पट्टी. तिथं बैलगाडीचा जाड तुंबा लावू नकोस.

वैशाखात लाकूड आकसतं आणि धाव खुळखुळते. गाडीवान म्हणेल, खिळे ठोक. ठोकू नकोस, पाटा फाटतो. चाक रात्रभर पाण्यात ठेव. तरी ढिलीच राहिली तर धाव उतरव, लोहाराकडून जोडाजवळ लागेल तेवढी कापून सांधून घे, आणि पुन्हा तापवून चढव.