‘पांढऱ्या पेशी’ : एका संज्ञेचा वाक्यात उपयोग

‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न शाळेत आपण सर्वांनीच सोडविला आहे. त्यात बहुधा वाक्प्रचार असत. शास्त्रीय संज्ञा क्वचितच. वाक्प्रचार चुकला तर फार तर एक-दोन गुण जातात. शास्त्रीय संज्ञा चुकली तर काय जाऊ शकते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एकच संज्ञा घेतली आहे : रक्तातील पांढऱ्या पेशी. आपण कला शाखेचे विद्यार्थी; रक्त तपासणे हे आपले काम नव्हे. परंतु वाक्य तपासणे हे मात्र आपलेच काम आहे.

१. संज्ञेचा अर्थ

रक्तद्रवात तीन प्रकारचे घटक तरंगत असतात. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी सामना करणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट. निरोगी प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारणपणे ४,००० ते ११,००० असतात, तर रक्तपट्टिका दीड लाख ते साडेचार लाख. हे दोन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत; पुढे त्यांची गरज पडणार आहे.

पांढऱ्या पेशी खरे तर रंगहीन असतात. रक्त नळीत घालून वेगाने फिरविले की तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि मध्ये एक पातळ पांढुरका थर दिसतो. तोच मुख्यत्वे या पेशींचा थर.

२. एका मुळाचे तीन शब्द

ग्रीक भाषेत ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा. त्याला ‘किटोस’, म्हणजे पोकळ पात्र, हा शब्द जोडून ‘ल्युकोसाइट’ झाला. पुढे या मुळाला फांद्या फुटल्या. ‘ल्युकोसाइटोसिस’ म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या नेहमीपेक्षा वाढलेली असणे. ‘ल्युकोपेनिया’ म्हणजे ती घटलेली असणे. यातील ‘पेनिया’चा मूळ अर्थ दारिद्र्य. तिसरा शब्द ‘ल्युकेमिया’. यात ‘हैमा’, म्हणजे रक्त, हा शब्द दडला आहे. जर्मन शास्त्रज्ञ रूडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ मध्ये हे नाव रूढ केले; आपण त्यास रक्ताचा कर्करोग म्हणतो.

पहिले दोन शब्द रोगाची नावे नव्हेत. ती तपासणीत आढळलेली स्थिती होय. ल्युकेमिया मात्र रोग आहे. वाक्य करताना हा भेद पाळावा लागतो.

अयोग्य : त्याला ल्युकोसाइटोसिसचा आजार जडला.
योग्य : फुप्फुसाच्या संसर्गामुळे त्याच्या रक्तात ल्युकोसाइटोसिस आढळला.

ताप मोजून ‘१०२’ म्हणणे म्हणजे निदान नव्हे. तसेच हे आहे. जंतुसंसर्ग, भाजणे, अतिश्रम, गर्भारपण, स्टेरॉइड औषधे अशा किती तरी कारणांनी पांढऱ्या पेशी वाढतात. तेव्हा अहवालात हा शब्द दिसताच कर्करोगाच्या भीतीने घरात रडारड करण्याचे कारण नाही.

३. थोडे व्याकरण

‘पेशी’ हा शब्द स्त्रीलिंगी असून त्याचे अनेकवचनही ‘पेशी’च. म्हणून वचन दाखविण्याचे काम विशेषण आणि क्रियापद करतात : पांढरी पेशी दिसली, पांढऱ्या पेशी दिसल्या. ‘श्वेतपेशी’ म्हटले की विशेषणाचा आधार सुटतो, सारा भार क्रियापदावर येतो. हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे स्नायू आणि आपली पेशी म्हणजे तिकडची ‘कोशिका’. हिंदी पुस्तक वाचताना हे विसरू नये. इस्पितळात मात्र पुष्कळदा ‘काउंट’ हा शब्द कानी पडतो. तो मराठीत पुल्लिंगी झाला आहे : काउंट वाढला, काउंट उतरला.

४. ‘वाढल्या’ म्हणजे चांगले काय?

मराठीत ‘वाढ’ हा शब्द शुभ मानला जातो. वजन वाढले, रक्त वाढले की घरचे समाधान पावतात. त्यात पांढऱ्या पेशींना आपण ‘शरीराचे सैनिक’ म्हणतो. इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून त्याभोवती गोळा होणाऱ्या पेशी पाहिल्या, तेव्हापासून ही लढाईची भाषा रुजत गेली. १९०८ मध्ये पाउल एअरलिख यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उपमा सुरेख आहे, पण ती ताणू नये. सैनिक वाढले म्हणजे बळ वाढले असे नाही; बहुधा कोठे तरी युद्ध जुंपले आहे एवढाच त्याचा अर्थ. ल्युकेमियात तर वाढलेल्या पेशी पुष्कळदा अपरिपक्व, कामास निरुपयोगी अशा असतात.

५. सर्वांत घातक वाक्य

डेंग्यूच्या साथीत आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे वाक्य असे : ‘त्याच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा प्लेटलेट असतात. वर्तमानपत्रांतूनही हा घोटाळा छापला जातो. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घटू शकतात, त्यामुळे चूक ध्यानातही येत नाही.

आता समजा, एखादा नातेवाईक दूरध्वनीवरून डॉक्टरांना सांगतो, ‘पांढऱ्या पेशी तीस हजार आहेत.’ मघाचे आकडे आठवा. पांढऱ्या पेशी खरोखर तीस हजार असतील, तर त्या फार वाढल्या आहेत. प्लेटलेट तीस हजार असतील, तर त्या फार घटल्या आहेत आणि रक्तस्रावाची धास्ती आहे. वाक्य एक, आकडा एक. अर्थ दोन टोकांचे! पहिल्या अर्थी डॉक्टर जंतुसंसर्ग शोधतील. दुसऱ्या अर्थी रुग्णाला तातडीने बोलावून घेतील. तसेच ‘पांढऱ्या पेशी चढविल्या’ असे आपण म्हणतो, तेव्हा बाटलीत सहसा प्लेटलेटच असतात. रक्तदात्याला निरोप पाठविताना तरी शब्द नेमका हवा.

मराठी शब्द वापरावा की इंग्रजी, हा वाद येथे गौण आहे. ‘रक्तपट्टिका’ जिभेवर येत नसेल, तर ‘प्लेटलेट’ म्हणावे. परंतु एका वस्तूचे नाव दुसरीला देऊ नये. आणि शंका आली, तर अहवालावरील ओळ नावासकट, आकड्यासकट आणि एककासकट जशीच्या तशी वाचून दाखवावी.

स्वाध्याय

पुढील वाक्ये दुरुस्त करा व कारण सांगा.
(१) डेंग्यूमुळे तिच्या पांढऱ्या पेशी दोन लाखांवरून चाळीस हजारांवर आल्या.
(२) काउंट चौदा हजार झाला, म्हणजे प्रकृती सुधारली.
(३) त्याला ल्युकोपेनिया नावाचा रोग झाला असून तो ल्युकेमियाचाच प्रकार आहे.

उत्तरे वरील परिच्छेदांतच आहेत. ती वाचकांनी स्वतः शोधावीत आणि घरी एकदा मोठ्याने वाचून दाखवावीत.