जाहिरातीच्या बाजारांतील चार शब्द

इंटरनेटवर जाहिरात करणाऱ्यांची एक निराळीच बोली आहे. तिचे शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं सहज असतात. अर्थ मात्र थोड्यांसच ठाऊक. म्हणून त्यांतील चार येथें उलगडून दाखवितों.

‘स्पॅम’ हें मूळचें अमेरिकेंत १९३७ सालीं विक्रीस आलेल्या डबाबंद मांसाचें नांव. १९७० सालच्या एका ब्रिटिश विनोदी नाट्यप्रवेशांत उपाहारगृहांतील बहुतेक पदार्थांत तेंच मांस असतें. गिऱ्हाइकास नको असलें तरी टळत नाहीं. त्यावरून, न मागतां येऊन कोसळणाऱ्या जाहिरातपत्रांस पुढें हेंच नांव पडलें.

‘कुकी’ म्हणजे बिस्किट. पण ही खाण्याची नव्हे. लू माँटुली या अभियंत्यानें १९९४ सालीं योजिलेली ही एक लहानशी नोंद असून, संकेतस्थळ ती आपल्याच यंत्रांत ठेवून देतें. पुन्हा गेलों म्हणजे तीवरून आपली ओळख पटते. सोय खरीच! परंतु हीच खूण धरून जाहिरातदार स्थळोस्थळीं आपला माग काढूं शकतो. मुलानें एकदां सायकलीची किंमत पाहावी, आणि मग बातम्या वाचणाऱ्या वडिलांपुढेंही सायकलच यावी, याचें कारण बहुधा हेंच.

‘क्लिकबेट’ यांतील ‘बेट’ म्हणजे गळास लावलेलें आमिष. “पुढें काय झालें तें पाहून थक्क व्हाल,” असा मथळा दिसला कीं गळ ओळखावा. आंत मजकूर पोकळ असला तरी लिहिणाराचें अडत नाहीं. पान उघडलें कीं तेथील जाहिराती दिसतात.

जाहिरात एकदां दिसणें यास ‘इंप्रेशन’ म्हणतात. त्याचा भाव बहुधा दर १,००० स ठरतो, आणि त्या हजारांत थोरांचे व लेंकरांचे डोळे सारखेच मोजले जातात.