राजीनाम्याआधी घरात विचारा

माझे यजमान धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जायचे, मंडळीच्या गाडीचं कामही फुकट करायचे. सेवाच होती ती. मग एका उन्हाळ्यात संजीवन सभांना बाहेरून उपदेशक आले. शेवटच्या रात्री त्यांनी यांना पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि माईकवरून जाहीर केलं, की प्रभू या भावाला पूर्णवेळ सेवेसाठी पाचारण करतो आहे, सातपुड्यात जायचं आहे. सगळा मांडव हालेलुया म्हणाला. मी बायकांच्या बाजूला धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते.

सभा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. “पास्टर, घर कसं चालणार?” त्यांनी घड्याळात बघितलं. “ताई, तुम्ही यांच्यासाठी अडखळण होऊ नका. रेव्हरंड टिळक बायकोसाठी थांबले होते का?”

हे मला आजही टोचतं. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात नवा करार मिळाला तो १८९३ साली, बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला. मधला काळ त्यांनी वाचनात आणि मनाशी झगडण्यात घालवला, एका रात्रीत काही ठरवलं नाही. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर त्यानंतर काय गुदरलं ते लक्ष्मीबाईंच्याच ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. हा दाखला देणाऱ्याने ते पुस्तक उघडलं तरी होतं का?

यांनी राजीनामा दिला. शिरपूरच्या वर एका पावरा पाड्यावर आम्हाला पाठवलं. यांना पावरी येत नव्हती, हे कोणी विचारलंच नव्हतं. म्हातारी माणसं उपदेश ऐकून नुसती हसून मान डोलवायची. सुरुवातीला पैसे आले, मग ‘विश्वासाने चाला’ असे निरोप, मग फोन उचलणंच बंद. मोठीच्या फीसाठी माझ्या बांगड्या जळगावला माहेरच्या सराफाकडे गेल्या. शेवटी आम्ही परतलो, आणि त्या उपदेशकांनी चार ठिकाणी सांगितलं, की घरच्यांचा विश्वास कमी पडला. घरच्यांचा म्हणजे माझा! आज हे जळगावला एका गॅरेजमध्ये काम करतात.

ज्यांना पाचारणाची जाणीव होते आहे, त्यांनी व्यासपीठावरून कोणी बोललं म्हणून त्याच रात्री हो म्हणू नये. शमुवेल तीनदा एलीकडे धावला. हाक कोणाची ते एलीने ओळखलं. अंत्युखियात बर्णबा आणि पौलाला पाठवलं तेही उपास-प्रार्थना करून. तुम्हाला वर्षानुवर्षं बघणाऱ्या तुमच्या पाळकांना विचारा. बायकोला शांतपणे विचारा, आणि तिचं मन तयार नसेल तर थांबा. खरी हाक वर्षभर थांबल्याने विझत नाही.

नोकरी सोडू नका, बिनपगारी रजा मिळते का बघा. एक पावसाळा त्या पाड्यावर काढा. रस्ता, ताप आणि दवाखाना किती लांब, हे पावसाळ्यातच कळतं. लोकांची भाषा आधी शिका. पाठवणाऱ्यांकडून लेखी घ्या: मानधन किती, किती वर्षं, मुलांची फी आणि आजारपण कोण बघणार. लेखी मागितल्यावर ज्यांचा चेहरा बदलतो, त्यांच्याबरोबर जाऊ नका. शिक्षणही घ्या. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली, १९८३ पासून ती पुण्यात आहे. तिथे किंवा दुसरीकडे, पण नीट शिकून जा. रोज वचन वाचा, प्रार्थना करा, नम्र राहा.

आणि मंडळ्यांच्या वडिलांना माझी विनंती आहे. पाहुण्या उपदेशकाला माईक देण्याआधी बजावून ठेवा, की इथून कोणाचंही पाचारण जाहीर करायचं नाही. करायचंच असेल, तर त्या कुटुंबाचा पहिल्या वर्षाचा खर्च आधी मंडळीच्या वहीत लिहा आणि खाली सह्या करा.